पेंग्विनची तीन अंडी

दक्षिण ध्रुवप्रदेशातील रॉस बेटाच्या पूर्व टोकाला केप क्रोझियर नावाचे भूशिर आहे. तेथे बर्फाच्या उंच कड्याखाली, गोठलेल्या समुद्रावर, सम्राट पेंग्विन पक्ष्यांचा मेळा दरवर्षी भरतो. पिले वाढविण्याचे हे त्यांचे स्थान. ह्या पक्ष्यांचे रहस्य शोधण्यासाठी डॉ. एडवर्ड विल्सन यांनी आपले प्राण पणाला लावले.

विल्सन यांचा जन्म २३ जुलै १८७२ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. पक्षी न्याहाळावेत व त्यांची चित्रे काढावीत, हा त्यांचा बालपणापासूनचा छंद. वैद्यकाचा अभ्यास करीत असताना त्यांना क्षयाने गाठले; परंतु त्यातून सावरून १९०१ साली ते कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेबरोबर दक्षिणेस निघाले. १९०३ साली हिवाळा सरताच ते केप क्रोझियरला गेले, तो पिले अंड्यांतून केव्हाच बाहेर पडलेली! तेव्हा हा पक्षी ऐन हिवाळ्यात, सूर्यदर्शनही होत नाही अशा दिवसांत, पायांवर अंडे ठेवून उबवितो, हे त्यांनी ताडले.

पक्षी हे सरपटणाऱ्या प्राण्यांपासून उत्पन्न झाले. त्याची खूण पेंग्विनच्या अंड्यातील गर्भात सापडेल, अशी त्या काळी कल्पना होती. म्हणून स्कॉट यांच्या दुसऱ्या मोहिमेत, २७ जून १९११ रोजी, विल्सन भर काळोखात केप क्रोझियरकडे निघाले. सोबत हिंदुस्थानच्या सागरी दलातील अधिकारी बॉवर्स आणि तरुण चेरी-गॅरार्ड होते. वाट शंभर किलोमीटरांहून अधिक. पारा उणे ६० अंशांपर्यंत उतरे. अंगावरचे कपडे गोठून लाकडासारखे ताठ होत. पाच अंडी हाती आली, त्यांतली दोन फुटली. वादळाने तंबू उडवून नेला; सुदैवाने तो सापडला, म्हणूनच तिघे वाचले. १ ऑगस्टला ते तळावर परतले.

पुढे १७ जानेवारी १९१२ रोजी विल्सन स्कॉट यांच्यासह दक्षिण ध्रुवावर पोहोचले. मात्र परतीच्या वाटेवर भूक व थंडीने त्यांचा अंत झाला. शोधपथकाला त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड मिळाले. त्यांवर प्राचीन वनस्पतींच्या पानांचे ठसे होते. मृत्यू समोर दिसत असतानाही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते.

ती तीन अंडी चेरी-गॅरार्ड यांनी १९१३ साली लंडनच्या संग्रहालयात पोहोचविली. पुढे गर्भांची तपासणी झाली, परंतु अपेक्षित पुरावा काही मिळाला नाही. मग विल्सन यांचे श्रम वाया गेले का? नाही. आपली कल्पना खरी की खोटी, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ठरत नाही. आणि ते पाहण्यासाठी कोणीतरी अंधारात पाऊल टाकावेच लागते.