तेनसिंग यांच्या मनगटावरचे घड्याळ

वैनगंगेच्या काठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर वसलेल्या भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो. त्याच दिवसांत एव्हरेस्टच्या शेवटच्या छावणीत पहाटे तो शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत उतरलेला असतो. भातशेती आणि तलावांच्या या सपाट जिल्ह्याचा हिमालयाशी संबंध तो काय, असा प्रश्न आता कोणी विचारू नये. २०१८ च्या मे महिन्यात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यानंतर पूर्व विदर्भातील मुलामुलींना गिर्यारोहण हे केवळ पुण्या-मुंबईच्या मंडळींचे क्षेत्र वाटेनासे झाले.

मोहिमेला निघणाऱ्याच्या सामानाच्या यादीत बूट, दोर, कुऱ्हाड यांच्या खाली कुठेतरी मनगटी घड्याळ असते. त्याची निवड बहुधा दुकानात, जाहिरात पाहून होते. ती कशी करावी हे समजून घ्यायचे असेल तर शेर्पा तेनसिंग नोर्गे यांचे चरित्र नव्याने वाचण्यासारखे आहे. त्यांच्या आयुष्यातील यश आणि अपयश, दोन्हींचा निकाल काही तासांनी लागला.

तेनसिंग यांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. १९१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस केव्हातरी त्यांचा जन्म झाला, एवढाच अंदाज हवामान आणि पिकांवरून बांधता येत असे. जन्मस्थळाविषयीही दोन मते आहेत. कोणी नेपाळमधील खुंबू सांगतात, कोणी तिबेटमधील खार्ता खोरे. वडील याक राखत. तेरा भावंडांत तेनसिंग अकरावे. पाळण्यातले नाव नामग्याल वांगदी. पुढे रोंगबुक मठाच्या लामांच्या सांगण्यावरून ते बदलून तेनसिंग नोर्गे ठेवण्यात आले. उन्हे कोणत्या कड्यावर आली, याक कधी परतले, यावरच घरातली वेळ ठरत असे. लिहिणे-वाचणे त्यांना अखेरपर्यंत आले नाही. भाषा मात्र अनेक आल्या.

१९३२ च्या सुमारास, वयाच्या अठराव्या वर्षी, ते घर सोडून दार्जिलिंगला आले. एव्हरेस्टकडे जाणाऱ्या इंग्रजी मोहिमा तेव्हा तेथूनच हमाल निवडत. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांनी आपल्या तुकडीसाठी माणसे निवडताना या अननुभवी तरुणाला जवळजवळ शेवटच्या क्षणी घेतले. त्याच्या हसऱ्या चेहऱ्याने ही निवड झाली, असे शिप्टन यांनी पुढे नमूद केले आहे. १९३६ आणि १९३८ या वर्षीही तेनसिंग तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेले.

त्या उत्तरेकडील वाटेवर एक जुने गूढ पसरलेले होते. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन शिखराकडे निघाले. नोएल ओडेल यांनी त्यांना दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी धुक्याच्या फटीतून शेवटचे पाहिले. ठरलेल्या वेळेच्या मानाने दोघे फार मागे पडले होते आणि तरीही वर जात होते. मॅलरींचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्यांचे मनगटी घड्याळ खिशात होते आणि त्याची काच निखळलेली होती. ते दोघे शिखरावर पोहोचले का, याचे उत्तर त्या घड्याळाने दिले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेनसिंग चित्रळला होते. तेथेच १९४४ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी दावा फुटी यांचे निधन झाले. दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. पुढे आंग ल्हामू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४७ मध्ये अर्ल डेन्मन या कॅनडात जन्मलेल्या एकांड्या गिर्यारोहकाबरोबर ते परवानगीविना तिबेटमार्गे एव्हरेस्टवर जाऊन रिकाम्या हाताने परत आले. पैसा तुटपुंजा, सामान अपुरे, यश अशक्यच. तरी ते गेले. या ओढीचा उलगडा व्यवहाराच्या हिशेबाने होत नाही.

खरी कसोटी १९५२ मध्ये लागली. नेपाळने दरवाजे उघडले होते आणि त्या वर्षीची परवानगी स्विस गिर्यारोहकांना मिळाली होती. स्वित्झर्लंडचे रेमंड लॅम्बर्ट आणि तेनसिंग यांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण मैत्री जुळली. २७ मेची रात्र दोघांनी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एका छोट्या तंबूत काढली. जवळ ना स्लीपिंग बॅग, ना स्टोव्ह. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी केले आणि अंग गोठू नये म्हणून रात्रभर एकमेकांना चोळत, थोपटत राहिले. सकाळी निघाले तर प्राणवायूची यंत्रे चालताना उपयोगी पडेनात. थांबल्यावरच त्यातून श्वास घेता येई. जेमतेम दोनशे मीटर चढायला पाच तासांहून अधिक वेळ लागला. सुमारे ८,६०० मीटरवर दोघे थांबले.

शिखर आणखी अडीचशे मीटर वर होते. त्याच गतीने ते गाठायचे तर सायंकाळ झाली असती आणि उतरण्यासाठी ना उजेड उरला असता, ना अंगात बळ. लॅम्बर्ट यांच्या पायाची बोटे हिमदंशाने पूर्वीच गेलेली होती. वेळ चुकल्याची किंमत त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. दोघे परतले. तोवर मानवाने गाठलेली ती जवळपास सर्वाधिक उंची होती आणि तेनसिंग यांच्या दृष्टीने ते अपयश होते. त्या परतण्यामुळेच पुढच्या वर्षीची मोहीम त्यांच्या वाट्याला आली, ही गोष्ट चरित्रकार फारशा ठळकपणे मांडत नाहीत.

घड्याळाच्या निवडीचा प्रश्न येथे सुरू होतो. इतक्या उंचीवर मेंदूला प्राणवायू अपुरा मिळतो आणि काळाचे भान सुटते. अर्धा तास गेला असे वाटावे तर दोन तास गेलेले असतात. मनाने बांधलेल्या अंदाजावर तेथे विसंबता येत नाही. शिवाय सिलिंडरमधील प्राणवायू हाही वेळेचाच हिशेब असतो. १९५३ च्या मोहिमेतील हलक्या सिलिंडरमध्ये आठशे लिटर प्राणवायू मावत असे. मिनिटाला चार लिटर सोडला तर तो तीन तास वीस मिनिटे पुरेल, तीन लिटर सोडला तर सुमारे साडेचार तास. हा हिशेब करायला घड्याळ लागतेच.

जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील त्या ब्रिटिश मोहिमेत तेनसिंग शेर्पांचे सरदार होते आणि गिर्यारोहकही. एव्हरेस्टवरची ही त्यांची सातवी खेप. २६ एप्रिलला हिमनदीतील भेगेत कोसळणाऱ्या एडमंड हिलरी यांना त्यांनी दोराने सावरले आणि ही जोडी पक्की झाली. मात्र शिखराचा पहिला प्रयत्न टॉम बोर्डिलॉन आणि चार्ल्स इव्हान्स यांच्याकडे होता. २६ मे रोजी इव्हान्स यांचे प्राणवायूचे यंत्र बिघडले आणि निघायलाच तासाहून अधिक उशीर झाला. दक्षिण शिखरावर ते पोहोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मुख्य शिखर उंचीने शंभर मीटरच वर होते. पण उरलेला प्राणवायू आणि उरलेला दिवस यांचे गणित जुळेना. तेही परतले. सकाळचा तो गमावलेला तास हाती असता तर इतिहासात कदाचित वेगळी नावे लागली असती.

२९ मे रोजी सुमारे ८,५०० मीटर उंचीवरील छावणीत हिलरी आणि तेनसिंग पहाटे चारला उठले. तापमान शून्याखाली सत्तावीस अंश. हिलरी यांचे बूट दगडासारखे गोठले होते. ते स्टोव्हवर शेकण्यात दोन तास गेले. तेनसिंग यांनी बूट पायातून काढलेच नव्हते. साडेसहाला दोघे निघाले, नऊला दक्षिण शिखरावर पोहोचले, साडेअकराला मुख्य शिखरावर. नऊ वाजता तेथे असणे आणि दुपारी एक वाजता असणे, या दोन जोड्यांतील फरक एवढाच म्हणता येईल. शिखरावर ते पंधरा मिनिटे थांबले. हिलरी यांनी तेनसिंग यांचे छायाचित्र घेतले, तेनसिंग यांनी बर्फात मिठाई ठेवली आणि दोघे खाली वळले. पंधरा मिनिटांहून अधिक काळ थांबणे प्राणवायूला परवडणारे नव्हते.

त्या दिवशी शिखरावर घड्याळ कोणते होते, यावर पुढे बराच वाद झाला. स्विस रोलेक्स आणि ब्रिटिश स्मिथ्स या दोन्ही कंपन्यांनी मोहिमेला घड्याळे पुरविली होती आणि दोघींनीही जाहिरातीत एव्हरेस्टचे नाव वापरले. हिलरी यांनी नेलेले स्मिथ्सचे घड्याळ लंडनमधील घड्याळकारांच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. रोलेक्सच्या बाजूने तेनसिंग यांचे नाव पुढे केले जाते. संग्राहकांसाठी हा वाद रंजक असेल. मोहिमेला निघणाऱ्याने मात्र त्यात फार वेळ घालवू नये. त्याच्या कामाचा भाग वेगळा आहे: एक घड्याळ चावीचे होते आणि दुसरे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे.

गोठवणाऱ्या थंडीत हातमोजे काढून चिमुकली चावी पिळणे म्हणजे बोटे पणाला लावणे. त्यामुळे आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाचा फायदा उघड होता. पण वादळामुळे दोन दिवस तंबूत पडून राहावे लागले तर तेही मंदावू शकते. दोन्ही प्रकारांचा समान शत्रू म्हणजे आतील तेल. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पातळ राहणारे तेल शून्याखाली पंचवीस अंशांवर घट्ट होते आणि काटे मागे पडू लागतात. यावर कमी तापमानाला चालणारे तेल हा एक उपाय आणि घड्याळ बाहीच्या आत, अंगाच्या उबेत ठेवणे हा दुसरा. दुसरा बिनखर्चाचा आहे, पण त्यात वेळ पाहणे अवघड होते आणि अवघड असलेले काम थकलेला माणूस टाळतो. म्हणून अनेक जण लांब कापडी पट्टा घेऊन घड्याळ जाकिटावरून बांधतात. धातूचा पट्टा कातडीला लागू देऊ नये. तो उष्णता शोषून घेतो.

सेलवर चालणाऱ्या घड्याळांनी तेलाचा प्रश्न बराचसा मिटवला आणि नवा आणला. तीव्र थंडीत सेल दुबळा होतो आणि आकडे दाखवणारा पडदा संथ, अंधूक होतो. उंची दाखवणारी घड्याळे बहुधा हवेच्या दाबावरून उंची मोजतात. वादळ येताना दाब घसरला की छावणीत स्वस्थ बसलेल्या माणसालाही घड्याळ वर चढवते. ज्ञात उंचीच्या ठिकाणी ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते. मात्र हाच दोष जाणकाराला उपयोगी पडतो: रात्री न हलता उंची वाढलेली दिसली तर हवामान बिघडते आहे, असे समजावे. उपग्रहावरून स्थान सांगणारी घड्याळे अधिक अचूक असली तरी त्यांचा सेल लवकर संपतो. दिवसेंदिवस वीज न मिळणाऱ्या ठिकाणी एक साधे, काट्यांचे, अंधारात दिसणारे घड्याळ सोबत असावे आणि परतीच्या वेळेसाठी गजर लावता आला तर उत्तमच. विकत घेतल्यावर ते जाड हातमोजे घालून एकदा हाताळून पाहावे, म्हणजे बटणे दाबता येतात की नाही ते घरीच कळते.

एवढे करूनही घड्याळ फक्त वेळ सांगते. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर परतीची वेळ दुपारी एक-दोनच्या सुमारास मानली गेली होती. अनेकांच्या हाती उत्तम घड्याळे असूनही ती वेळ उलटल्यावर ते चढत राहिले. सायंकाळी वादळ आले आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी मिळून आठ जण मृत्युमुखी पडले.

तेनसिंग यांना शिखरानंतरचे आयुष्य सोपे गेले नाही. हिलरी आणि हंट यांना सर ही पदवी मिळाली, तेनसिंग यांना जॉर्ज पदक. शिखरावर आधी पाऊल कोणाचे, यावरून भारत आणि नेपाळमध्ये वादळ उठले. हिलरी काही पावले पुढे होते, हे तेनसिंग यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात स्वतःच सांगून टाकले. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी पंडित नेहरू यांच्या पुढाकाराने दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेथील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक तेनसिंग झाले आणि १९७६ पर्यंत ते काम पाहत राहिले. अक्षरओळख नसलेल्या या माणसाच्या देखरेखीखाली भारतीय गिर्यारोहकांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

जन्मतारीख नसलेल्या तेनसिंग यांनी २९ मे हाच आपला वाढदिवस ठरवला होता. ९ मे १९८६ रोजी, त्या वर्षीच्या वाढदिवसाला वीस दिवस उरले असताना, दार्जिलिंगमध्ये त्यांचे निधन झाले. प्रशिक्षण संस्थेच्या आवारातच त्यांची समाधी आहे आणि अभ्यासक्रमासाठी येणारी मुले रोज तिच्यासमोरून जातात.