ज्यांच्या उंदरांमुळं डायबिटीस समजला, तेच पुढं सिगारेटवाल्यांच्या बाजूनं उभे राहिले

साल होतं १९०९. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स कुक लिटल यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. उंदरांच्या सख्ख्या भावंडांची जोडी लावायची, मग त्यांच्या पिल्लांची. अशा वीसेक पिढ्या झाल्या की सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे. अशानं वंशच बुडेल, असं तेव्हा अनेकांना वाटायचं. पण लिटल यांचे उंदीर तगले.

१९२१ मध्ये त्यांनी काळ्या उंदरांचा एक वंश तयार केला. मूळ मादी होती ५७ नंबरची, म्हणून नाव पडलं ‘सी५७ ब्लॅक’. १९२९ मध्ये त्यांनी मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी उभी केली.

१९४७ च्या वणव्यात ही लॅब जळाली, बहुतेक उंदीर मेले. पण लिटल यांनी आधीच जगभरच्या लॅबना उंदीर दिले होते. त्यांनीच ते परत पाठवले आणि काम पुन्हा उभं राहिलं. दोनच वर्षांनी तिथं जन्मतःच खादाड असलेला लठ्ठ उंदीर सापडला, १९६६ मध्ये डायबिटीसवाला.

आता याचा डायबिटीसशी संबंध काय? इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये शरीरात इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. दोष नेमका कुठं, हे शोधायला शास्त्रज्ञ उंदराचा एकच जीन बंद करतात. उदाहरणार्थ, फक्त लिव्हरमधला इन्सुलिन ओळखणारा जीन. बाकी सगळं सारखं असलेल्या दुसऱ्या उंदराशी तुलना केली की फरक त्या जीनमुळंच पडला, हे कळतं. उंदीर वेगवेगळ्या रक्ताचे असते, तर हे सांगताच आलं नसतं. लिटल यांच्या काळ्या उंदरांचे वंशज आजही या कामात सगळ्यात जास्त वापरले जातात. चरबीयुक्त खाणं दिलं की ते लठ्ठ होतात आणि त्यांची साखर वाढते.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. कॅन्सरविरोधी संस्थेचं काम वर्षानुवर्षं पाहिलेले लिटल १९५४ मध्ये तंबाखू कंपन्यांच्या संशोधन समितीचे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. सिगारेटनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं ते सांगत राहिले. पुरावे वाढत गेले, तरी त्यांची भूमिका बदलली नाही. १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं.

एका जीनचा परिणाम नेमका ओळखायची सोय त्यांनी जगाला करून दिली. सिगारेटचा परिणाम मात्र त्यांनी मान्य केला नाही.