परक्या मुलखातला संसार : डॉ. जॉन विल्सन आणि मार्गारेटबाई

वाचकहो, मुंबईला कामानिमित्त गेलात तर गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची दगडी इमारत तुम्ही पाहिली असेल. ज्यांच्या नावाचं हे कॉलेज, ते डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडचे मिशनरी. त्यांचं नाव टिकलं. पण सातासमुद्रापलीकडून येऊन त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने इथे संसार कसा केला, हे फारसं कुणी सांगत नाही. धर्माचा वाद बाजूला ठेवून त्या घराकडे एकदा बघू या.

जॉन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ चा, स्कॉटलंडमधल्या लॉडर या छोट्या गावचा. वडील चाळीसहून अधिक वर्षं गावच्या नगर कौन्सिलचे सभासद, आई शेतकऱ्याची मुलगी. म्हणजे घर तुमच्या-आमच्यासारखंच, गावकीतलं. पोरगा हुशार निघाला, एडिंबरोला शिकला, काही दिवस गावात मास्तरकी केली. १८२८ च्या ऑगस्टमध्ये मार्गारेट बेन यांच्याशी लग्न झालं आणि लगेच दोघांनी हिंदुस्थानची वाट धरली. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून शिडाचं जहाज चालायचं. लग्नानंतरचे पाच-साडेपाच महिने समुद्रावरच गेले. फेब्रुवारी १८२९ मध्ये ते मुंबईला उतरले.

आधी भाषा, मग काम

उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती मराठी शिकण्याची. त्यासाठी नवराबायको कोकणात, बाणकोट-हर्णैकडे जाऊन राहिले. तिथे स्कॉटिश मिशनचं ठाणं होतं. एकीकडे मासेमारी, एकीकडे भातशेती. सकाळ-संध्याकाळ मराठीचा अभ्यास आणि बाकी वेळ लोकांत बसणं-उठणं. सहा-सात महिन्यांत विल्सनसाहेब मराठीत बोलायला उभे राहू लागले. बाईही मागे राहिल्या नाहीत. नवऱ्याला येते ना भाषा, मग आपल्याला काय करायची, असं त्यांनी म्हटलं नाही. पुढचं त्यांचं सगळं काम या मराठीवरच उभं राहिलं.

१८२९ च्या अखेरीस बिऱ्हाड मुंबईत आलं. आता या घरचा दिवस कसा जायचा ते पाहा. साहेबांचं प्रवचन, शाळा, पंडितांशी चर्चा, शिवाय १८३० साली सुरू केलेल्या मासिकाचं लेखन. वादाला माणसं घरी यायची, तर कधी जाहीर सभा व्हायच्या. मोरभट दांडेकर यांनी त्यांच्याशी वाद घातला आणि हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तकही लिहिलं. म्हणजे लोक नुसतं ऐकून घेत नव्हते, तोंडावर उत्तर देत होते.

मुलींच्या शाळा

मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा हाती घेतल्या. मुंबईत मुलींची शाळा ही अगदी नवी गोष्ट नव्हती. अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच एक काढली होती. पण मुलगी शिकून काय करणार, हा प्रश्न घराघरात होता. लग्न लहानपणी व्हायचं, म्हणजे मुलगी जरा वाचायला लागली की शाळा सुटली. तरी एक-दोन वर्षांत बाईंनी सहा शाळा उभ्या केल्या. निराधार मुलींसाठी वेगळी सोय केली. आजचं सेंट कोलंबा हायस्कूल आपली सुरुवात त्यांच्या १८३२ च्या शाळेपासून मोजतं.

थंडी पडली की साहेब दौऱ्यावर निघायचे. अशाच एका दौऱ्यात, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला, ते वेरूळ पाहून आपल्या मराठवाड्यात जालन्यापर्यंत आले. जालन्याला तेव्हा इंग्रजी फौजेची छावणी होती, जशी आपल्या हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची. रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही. साहेब दौऱ्यावर असले की मुंबईतल्या शाळा, पत्रव्यवहार, मासिक, घर आणि लेकरं हे सगळं बाई एकट्या ओढायच्या.

ओढ फार झाली. हवा मानवली नाही. १९ एप्रिल १८३५ ला मार्गारेटबाई मुंबईतच वारल्या. या देशात येऊन त्यांना अवघी सहा वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा अँड्र्यू युरोपात शिकला आणि पुढे हिमालयातल्या प्रवासावर पुस्तक लिहून नावारूपाला आला.

शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. बाईंच्या दोन सख्ख्या बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी काम हाती घेतलं. ज्या हवेने बहीण गेली, त्याच हवेत त्या राहायला आल्या, हे ध्यानात घ्या.

पुढची चाळीस वर्षं

विल्सनसाहेब त्यानंतर चाळीस वर्षं मुंबईशी बांधलेले राहिले. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म घेतला. शहर खवळलं, प्रकरण कोर्टात गेलं, शेकड्यांनी पोरं शाळेतून काढली गेली. आई-बापांचा संतापही समजण्यासारखा होता. आपली मुलं त्यांनी शिकायला पाठवली होती, धर्म सोडायला नव्हे. साहेबांनी शाळा पुन्हा उभी केली. १८४६ मध्ये त्यांनी इझाबेलाबाईंशी दुसरं लग्न केलं, त्याही १८६७ मध्ये गेल्या. जुने शिलालेख, हस्तलिखितं यांचा त्यांना मोठा नाद. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ ला मुंबईतच त्यांनी देह ठेवला.

या कामाचे धागे आपल्यापर्यंत येतात. जोतीराव फुले पुण्यात शिकले ते याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले त्यातल्या एक मिचेलबाई, त्याही याच मिशनच्या. मिशनचे नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले आणि निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवलं.

मंडळी, विल्सन मंडळींचा धर्म आपला असो वा नसो, त्यांच्या कामाची रीत घेण्यासारखी आहे. गावात नवीन आलेल्या ग्रामसेवकाने, तलाठ्याने, गुरुजींनी आधी गावची बोली आणि गावची माणसं शिकून घ्यावीत, मग दप्तर उघडावं. आणि पटावर नाव असून जी मुलगी शाळेत येत नाही, ऊसतोडीला गेली असेल, धाकटं भावंड सांभाळत असेल, तिच्या घरी एकदा जाऊन विचारपूस करावी. मार्गारेटबाईंना जी अडचण होती ती अजून संपलेली नाही. या आठवड्यात आपल्या शाळेचं हजेरीपत्रक एकदा उघडून बघा.