फळांच्या ताटातील प्रवचन : चित्रकार यान दे हेम

सोललेले लिंबू, द्राक्षांचे घड, चांदीचा प्याला, अशी डच चित्रे केवळ शोभेची आहेत, असे पुष्कळांस वाटते. परंतु या कलेचे एक थोर आचार्य यान दे हेम यांचे जीवन पाहिले असता त्या फळांमागील आध्यात्मिक झगडा ध्यानी येतो.

दे हेम यांचा जन्म १६०६ साली उत्रेख्त येथे झाला. विशीच्या सुमारास ते लायडन या विद्यापीठनगरीत आले. तेथे त्यांनी जीर्ण ग्रंथांचे ढीग रंगविले. हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयातील १६२८ च्या चित्रात दुमडलेल्या पानांची पुस्तके व एक व्हायोलिन आहे. रंग मातकट आहेत. विद्या व संगीत ही दोन्ही नाशवंत, असा त्याचा बोध. या चित्रप्रकारास उपदेशकाच्या पुस्तकाच्या लॅटिन भाषांतरावरून ‘व्हॅनिटास’ हे नाव पडले. मराठीत आपण ‘व्यर्थ’ म्हणतो. परंतु मूळ हिब्रू ‘हेबेल’ या शब्दाचा अर्थ श्वास किंवा वाफ असा आहे. वाफ खोटी नसते. ती टिकत नाही, इतकेच.

१६३० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते अँटवर्पला गेले. त्यांचे समकालीन योआखिम फॉन सांद्रार्ट यांनी याचे कारण नोंदविले आहे : तेथे नाना प्रकारची उत्तम, पिकलेली फळे समोर ठेवून रंगविता येत. लायडन रिफॉर्म्ड मंडळीचे, तर अँटवर्प स्पेनच्या सत्तेखालील रोमन कॅथोलिक नगर. दोन्ही बाजूंमध्ये युद्ध चालू होते. ते १६४८ साली मिटले. त्याच वर्षाचे त्यांचे एक चित्र आज व्हिएन्ना येथे आहे. मध्यभागी प्रभुभोजनाचा प्याला व भाकर, भोवती फळांचे हार. त्यांत द्राक्षे व गव्हाची कणसे. ज्यांपासून द्राक्षारस व भाकर होते, तीच सृष्टी येथे प्रभूच्या मेजाभोवती उभी आहे.

तथापि एक विसंगती राहतेच. दे हेम यांच्या चित्रांना मोठी किंमत येई. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील १६४० च्या भव्य चित्रात फळांनी भरलेले मेज पाहून भूक चाळवते. ऐश्वर्य क्षणभंगुर आहे, हा इशारा धनवानांच्या भिंतीवर ऐश्वर्य म्हणूनच टांगला गेला. प्रत्येक फळात गूढार्थ शोधू नये, असे अभ्यासकही बजावतात. मग हे उपकारस्मरण की हव्यास? चित्रकाराने निवाडा दिला नाही. त्यांनी द्राक्षावरील चकाकी आणि पानावरील कीटक दोन्ही सारख्याच निष्ठेने रंगविले.

पुढे ते उत्रेख्तला परतले. परंतु १६७२ साली फ्रेंच सैन्य चालून आले आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांना पुन्हा अँटवर्प गाठावे लागले. तेथेच १६८४ साली त्यांचे निधन झाले. पुत्र कॉर्नेलिस व शिष्य आब्राहाम मिन्योन यांनी त्यांची परंपरा चालविली.

वाचकहो, ती फळे केव्हाच कुजून गेली. देणगी नाशवंत आहे म्हणून तिचा तिरस्कार करावा काय? की ती नाशवंत आहे म्हणूनच आज, दात्याचे स्मरण ठेवून, कृतज्ञतेने स्वीकारावी? आपल्या मेजावरील साध्या केळ्याकडे पाहतानाही हा प्रश्न मनास विचारण्याजोगा आहे.