खराट्यानंतरचे काम

अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी काही वर्षे शेतीकर्जाचे काम पाहत असे. मृग जवळ आला की कर्जाच्या अर्जांचा ढीग टेबलावर पडायचा. प्रत्येक अर्जात रासायनिक खताचा खर्च असायचाच. चौकशीला गावी गेलो की त्याच कास्तकाराच्या दारापुढे उघडा उकिरडा दिसायचा आणि वावराच्या धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग जळत असायचे. मी अर्जावर सही करायचो आणि पुढच्या गावाची वाट धरायचो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ते कळले गाडगेबाबांचे चरित्र पुन्हा वाचताना.

बाबांना आपण खराट्यासह ओळखतो. पण ते आधी शेतकरी होते, हे सहसा कोणी आठवत नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. दारूने वडिलांना अकाली नेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे मामांच्या घरी पोराने गुरे राखली, नांगर धरला, पेरणी-निंदण शिकून घेतले.

मामा चंद्रभान यांच्या भोवती सावकाराचा फास पडला. कर्ज वाढत गेले आणि चांगली जमीन हातची गेली. त्या धक्क्याने मामा खचले आणि गेले. डेबूजी मात्र सावकारापुढे उभा राहिला, असे चरित्रकार सांगतात. ज्याने आयुष्यभर कर्जाचे कागद लिहिले, त्या माझ्यासारख्याला ही हकीकत वाचताना अवघडल्यासारखे होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, बायको-मुलांना मागे ठेवून डेबूजी घराबाहेर पडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. गावात शिरले की कोणाची ओळख न विचारता झाडायला लागायचे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, असा त्यांचा क्रम. कर्ज काढून सण-लग्ने करू नका, दारू सोडा, देवापुढे मुके जनावर मारू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, एवढेच सांगणे असायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा, घाट, गोरक्षण उभे राहिले. पूर्णाकाठी ज्या तीर्थावर त्यांचे सुरुवातीचे मोठे काम झाले, त्याचे नाव ऋणमोचन. बँकेतल्या माणसाला हे नाव विसरता येत नाही. १९२३ साली तरुण मुलगा गेल्याची बातमी कोकणात कीर्तनाच्या वेळी कळली, तरी बाबांनी कीर्तन थांबवले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपुलावर, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

या चरित्रात मला एक प्रश्न पडतो. झाडून गोळा केलेल्या ढिगाचे पुढे काय होत असे? पुस्तकांतून खराटा ठळक दिसतो, ढीग मात्र दिसत नाही. डेबूजीने मामाच्या वावरात घाम गाळला होता. उकिरड्याची किंमत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण उघड्या उकिरड्यात हवा खोलवर पोचत नाही, उन्हापावसात खताचा कस उडून आणि वाहून जातो, दुर्गंधी सुटते, माश्या होतात. गाव स्वच्छ झाले तरी घाणीची जागाच तेवढी बदलते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या वऱ्हाडातच निघाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण देवराव पंढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी विटांची बंदिस्त टाकी बसवली. लांबी १० फूट, रुंदी ६ आणि उंची ३. भिंतीत मुद्दाम भोके ठेवायची, म्हणजे चहूबाजूंनी हवा खेळते. आत सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर लावत जायचे. वरून शेणामातीने लिंपून टाकायचे. ढीग खाली बसला की पुन्हा भरायचा. ओल टिकवली तर तीन-चार महिन्यांत, सुमारे दीड टन काडीकचरा आणि त्याहून थोडी जास्त माती यांतून अंदाजे तीन टन खत मिळते. शेण लागते जेमतेम एक क्विंटल. ज्याच्या गोठ्यात एकच गाय, त्यालाही हे परवडते. हवा मिळाल्याने जंतू जोमाने काम करतात, ढीग तापतो आणि दुर्गंधी फारशी येत नाही. शहरांत याच तत्त्वावर बंद पिंपांत पंख्याने हवा सोडून खत करतात.

निवृत्तीनंतर अमरावतीच्या घरामागे मीही एक प्लास्टिकचे पिंप ठेवले. भाजीची देठे, साली टाकत गेलो आणि झाकण घट्ट लावत गेलो. आठवड्याभरात अशी दुर्गंधी सुटली की सौभाग्यवतींनी पिंप रस्त्यावर ठेवण्याची मुदत दिली. मग पिंपाला चहूबाजूंनी भोके पाडली, प्रत्येक थरावर वाळका पाला घातला, वरचेवर काठीने हलवले. वास गेला. त्या खतावर यंदा मोगरा चांगला फुलला.

खताने सगळी कर्जे फिटतील, असे मी म्हणणार नाही. भाव, पाऊस, आजारपण, लग्ने, कर्जाची कारणे मी फार जवळून पाहिली आहेत. पण जे घरातच तयार होऊ शकते, त्यासाठी तरी अर्जावर सही लागू नये. आता वाटते, तेव्हा सही करताना मी दारापुढच्या उकिरड्याबद्दल दोन शब्द बोलायला हवे होते.

२० डिसेंबरला बाबांच्या आठवणीने पुष्कळांच्या हातांत खराटे येतात. या खेपेला तुमच्या गल्लीत झाडणे झाले की थोडा वेळ थांबा आणि तो ढीग कुठे जातो, ते पाहून या. त्यातला पालापाचोळा भोके पाडलेल्या एखाद्या पिंपात गेला, तर चैत्रापर्यंत त्याचे खत हाती येईल.