काळ्या कापडाखालचे फाळके

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो आणि हँडल फिरवून चालवायचा सिनेमाचा कॅमेरा. पण तो कॅमेरा हातात आला तेव्हा फाळक्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्याआधीची वीसेक वर्षं त्यांनी साध्या, न हलणाऱ्या चित्राच्या मागे घालवली. आज आपण ज्याला लार्ज फॉरमॅट म्हणतो, त्या जातीच्या कॅमेऱ्यांचा तो काळ होता. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मध्ये घडीचा भाता आणि फोटोग्राफरच्या डोक्यावर काळं कापड.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. १८८५ मध्ये पोरगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकला झाली, वास्तुकला झाली, मूर्तिकाम झालं. १८९० च्या सुमारास त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांच्या नाट्यगृहाच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा एका चाहत्याने खूश होऊन महागडा कॅमेरा भेट दिला, असं त्यांच्या चरित्रात येतं.

त्या काळात एका फोटोला एक काचेची प्लेट लागायची. दुधी काचेवर चित्र उलटं दिसणार, डोकं खाली, पाय वर. ते बघून फोकस लावायचा, मग प्लेट सरकवायची आणि मगच फोटो. चूक झाली की प्लेट फुकट.

गोध्र्याला फाळक्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला. तिथेच प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं. बडोद्याला परतले, तर कॅमेरा माणसाचं आयुष्य शोषून घेतो अशी अफवा लोकांत पसरलेली. गिऱ्हाईकच येईना.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. जुन्या वास्तूंचे फोटो काढणं हे मोठ्या कॅमेऱ्याचं खास काम. का, ते घरबसल्या कळेल. तुळिंज रोडवरच्या एखाद्या गल्लीतून समोरची उंच बिल्डिंग मोबाइल वर करून टिपा. भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात, इमारत मागे कलल्यासारखी दिसते. वसई किल्ल्यातल्या चर्चच्या उंच दर्शनी भिंतीचंही तेच होतं. कारण मोबाइल तिरका झाला, की आतला सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही.

मोठ्या कॅमेऱ्यात मागची चौकट सरळ उभी ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते. शिखर फोटोत येतं आणि भिंती सरळ राहतात. हा ‘राइज’. लेन्स खाली नेली तर ‘फॉल’, बाजूला सरकवली तर ‘शिफ्ट’. मान डोलावल्यासारखी पुढेमागे कलवली तर ‘टिल्ट’, दारासारखी डावी-उजवीकडे वळवली तर ‘स्विंग’. टिल्टने पायाजवळच्या फरशीपासून दूरच्या फरशीपर्यंत सगळं एकदम फोकसमध्ये आणता येतं. यामागचं गणित ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी १९०४ मध्ये पेटंटमध्ये मांडलं, म्हणजे फाळके त्या नोकरीत होते तेव्हाच.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचं वारं सुटलं आणि फाळक्यांनी सरकारी नोकरी सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी ते फोटो-लिथोचं काम करत, पुढे तिरंगी छपाईही. इथला कॅमेरा अगदी उलट स्वभावाचा. समोरचं चित्र, लेन्स आणि प्लेट काटेकोर समांतर हवीत. जरा कललं तर चौकोनाचा चौकोन राहत नाही. तीन रंगांच्या तीन निगेटिव्ह तंतोतंत एका मापाच्या नसतील तर छापताना रंग एकमेकांवर बसत नाहीत.

फाळक्यांची ही दोन कामं म्हणजे आज पहिला मोठा कॅमेरा निवडायचे दोन रस्ते आहेत. बाहेर फिरून वास्तू, डोंगर टिपायचे असतील तर घडी होणारा हलका फील्ड कॅमेरा. एका जागी बसून वस्तूंचे फोटो काढायचे असतील तर दांड्यावर सरकणारा मोनोरेल, त्याच्या हालचाली जास्त मोकळ्या. सुरुवातीला ४ बाय ५ इंचाचा आकार पुरे. सेकंडहँड घेताना अंधारात भात्याच्या आत टॉर्च लावून छिद्रं बघा. आणि लेन्सचं प्रकाशवर्तुळ फिल्मपेक्षा बरंच मोठं हवं, नाहीतर राइज केला की कोपरे काळे पडतात.

भागीदारांशी बिनसलं आणि फाळके स्वतःच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याच दिवसांत मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि झपाटले. दिवसरात्र सिनेमाचा अभ्यास करताना डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परतली. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन आले. भांडवलदारांना पटवायला त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि मिनिटभराची फिल्म केली. कॅमेरा जागचा हलवायचा नाही आणि घाई करायची नाही, हा जुन्या कॅमेऱ्याचाच संस्कार.

दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला छिद्रंही पाडली. त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी कॅमेरा शिकवला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये फाळके गेले. आपण त्यांना हलत्या चित्रांचे जनक म्हणतो. पण त्यांची नजर तयार झाली ती उलट्या, स्थिर, एका वेळी एकाच चित्रावर.