पंडिता रमाबाई आणि मुक्तीची मंडळी

पंडिता रमाबाई यांचा जन्म सन १८५८ त झाला. तरुणपणींच दुष्काळांत त्यांचे आईबाप व बहीण गेलीं. उपासमार म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. सन १८८३ त इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

सन १८९६-९७ त मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां बाई स्वतः तिकडे गेल्या व सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं वांचविल्या. केडगांवच्या शेतांत त्यांना आसरा मिळाला, तेंच मुक्तिसदन. परंतु खरें नवल पुढेंच आहे. सन १९०० त गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां अनाथांना आणावयास मुक्तींतूनच माणसें गेलीं, आणि आधीं वांचलेल्या मुली नव्यांच्या सेवेस लागल्या. पैसा नाहीं म्हणून आमच्या खेड्यांतल्या मंडळ्या हात आंखडतात. त्या मुलींजवळ तरी काय होतें? हात होते. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सारें त्या शिकल्या. आंधळ्या स्त्रियांस बाईंची कन्या मनोरमाबाई बोटांनीं वाचावयाची लिपी शिकवीत.

आपला हिंगोली भाग तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्याच राज्यांत, गुलबर्ग्यास, या मायलेकींनीं शाळा काढिली.

मनोरमाबाई सन १९२१ त वारल्या, ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही प्रभूकडे गेल्या. त्यांनीं भाषांतर केलेलें संपूर्ण पवित्र शास्त्र सन १९२४ त मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. तेथें खिळे जुळविणाऱ्या स्त्रियाच होत्या.